सोनबाचा दम

डाळजच्या सोनबाला बोलावणं यायचं ते पाण्याखालचं काम निघालं की. उजनी धरणाच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात. त्यांच्या पाइपाच्या तोंडाच्या जाळीत शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, मासेमारीची फाटकी जाळी जाऊन बसली की पाणी चढत नाही आणि ऊस माना टाकतो. मग सोनबा छाती भरून बुडी मारायचा, खाली चाकू चालवायचा आणि काठावरच्या मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं की निवांत वर यायचा. कुणाच्या विहिरीत मोटार पडली, कुणाची कळशी गेली, तरी तोच. घरचा दीड एकर ऊस होता, पोटाला कमी नव्हतं. पण लासुर्ण्यापर्यंत आपल्यासारखा दमाचा गडी नाही, हे ऐकायला त्याला फार आवडायचं. कुणी बोललं नाही तर स्वतःच सांगायचा.

प्रत्येक बुडीला त्याची बायको सारजा काठावर उभी असायची. लग्नाला तीस वर्षं झाली, एक बुडी तिने चुकवली नव्हती. गेल्या वर्षी एका विहिरीत सोनबाचा पाय जुन्या नायलॉनच्या दोरात गुंतला. सुटला, वर आला, पण ओठ काळेनिळे पडले होते. त्यानंतर सारजा जेवता जेवता मधेच थांबायची आणि घास तसाच हातात राहायचा. सोनबाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. या कामात नवरे मोठे तरबेज असतात.

त्याच वर्षी हिवाळ्यात स्वरूपा भेटली. ही बारामतीची दातांची डॉक्टर. पक्षी बघायला काठावर आली होती आणि सोनबा पाण्यातून हातभर जाळं ओढत बाहेर आला, ते बघत उभीच राहिली. सुट्टीत ती पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायची. मालवणजवळच्या प्रवाळावर अडकलेली जाळी आणि प्लास्टिक काढणारे पाच-सहा जण होते, फुकट काम करणारे, त्यांतली ती एक. प्रवाळ म्हणजे खडक नव्हे, तो जिवंत असतो, जाळ्याखाली घुसमटून मरतो, असं तिने सांगितलं. सोनबाला ते एकदम पटलं. घुसमटणं काय असतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मी येतो म्हणाला.

सारजाने नाही म्हटलं नाही. पण अट घातली: तीही बोटीत येणार, आणि तिथं तिच्या जिवाला घोर लागला तर त्या दिवसापासून सोनबाची बुडी बंद, समुद्रातली आणि गावातलीही. सोनबाने हसत हसत कबूल केलं. रात्री मात्र त्याला झोप लागली नाही, कारण बायको शब्दाची पक्की होती.

बारामतीच्या पोहण्याच्या तलावात दर रविवारी स्वरूपाकडे शिकवणी सुरू झाली आणि लासुर्ण्यापर्यंत ज्याचा डंका, तो गडी पहिल्याच दिवशी नापास झाला. टाकी लावली की श्वास सतत चालू ठेवायचा, हा पहिला नियम. टाकीतली दाबाची हवा छातीत कोंडून वर आलं तर फुप्फुसं फुगून फाटतात. सोनबाची खोड नेमकी उलटी. नुसता पोहत असला की ठीक. हातात चाकू आला की दम आपोआप बंद. चार वेळा स्वरूपाने त्याला वर काढलं. शेवटी ती म्हणाली, श्वास धरलात तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. ज्या गोष्टीसाठी पंचक्रोशीने पाठ थोपटली, तीच आता आडवी आली होती. सोनबा पार हिरमुसला.

घरी तो म्हशीच्या धारा काढायचा. सारजाने तिथेच त्याला पकडलं. प्रत्येक धारेला मोठ्याने श्वास सोडायचा, अशी तिने शिस्त लावली. महिनाभर गोठ्यात भाता चालल्यासारखा आवाज होता. म्हैस दोन दिवस बिथरली, शेजारी महिनाभर हसले. पण पुढच्या परीक्षेत सोनबा चाकू चालवत राहिला आणि श्वासही चालत राहिला.

मालवणला रीतसर सराव झाला आणि तिसऱ्या दिवशी कामाची बुडी होती. खाली एक जुनं जाळं प्रवाळावर पसरलं होतं. उजनीत असतं तर सोनबाने एका हिसक्यात ओढून काढलं असतं. इथं हिसका दिला तर प्रवाळच मोडणार. तो एकेक धागा कापत गेला. एक पट्टेरी मासा त्याच्या हाताजवळ घुटमळत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली त्याला घाई नव्हती, आणि तो मनापासून सुखावला.

पाऊण तासाने तो वर आला. पिशवीत जाळं होतं, पण डोळे आधी बायकोच्या तोंडाकडे गेले. तो बोटीत चढला, टाकी उतरवली. शेवटी त्यानेच विचारलं, "मग, काय ठरीवलंस?"

"तुमी खाली व्हता तवर वर बुडबुडं येत व्हतं," सारजा म्हणाली. "एक फुटला की दुसरा. म्हटलं, मानूस हाय." "हिरीत तुमी गेला की पानी निस्तं गप पडायचं. तीस वरसं मी त्या गप पान्याकडं बघत उभी ऱ्हायलेय."

सोनबाने तिच्याकडे बघितलं. विहिरी त्याने आतून इतक्या पाहिल्या होत्या, पण काठावरून एकही नाही.

"आता हिरीत उतरत न्हाय," तो म्हणाला. हे त्याला कुणी मागितलं नव्हतं.

सारजाने मान डोलावली. मग तिने बोटीतल्या स्वरूपाला विचारलं, पुढच्या खेपेला कधी यायचं.