सरकारी गाडीत बसल्याबद्दल

आमच्या चौकात एक गाडी अशी आहे की तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे आणि तिच्यात बसायला कुणीच तयार नसतं. पोलिसांची गाडी. ठाणं कोणतं ते लिहीत नाही. मला अजून पांढुर्ण्यातच राहायचंय. शिवाय माझा धंदा असा, की पोलिसांशी वाकडं असूनही भागत नाही आणि फार गोड असूनही भागत नाही.

मी गलाईवाला. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या दुष्काळी पट्ट्यातली पोरं आठवी-नववीत शाळा सोडतात आणि देशातल्या कुठल्याही गावच्या सराफ बाजारात जाऊन भट्टी पेटवतात. सराफांची मोड, दुकानातली झाडलोटीची धूळ वितळवायची आणि त्यातून शुद्ध सोनं काढून द्यायचं. मी आठवीत सोडली. घरची परिस्थिती, असं लोकांना सांगतो. खरं कारण गणित. इथं मध्य प्रदेशात येऊन अकरा वर्षं झाली. या गावानं मला भाकर दिली, खोली दिली, भावासारखी माणसं दिली. भावासारखी म्हणजे हुबेहूब भावासारखीच, ते पुढं येईलच.

गावात कुठं मंगळसूत्र चोरीला गेलं की पोलीस पहिल्यांदा भट्टीवर येतात. त्यामुळं त्या गाडीचा आवाज मला लांबून ओळखू येतो. चौकातल्या टपरीवर बसणाऱ्यांनाही यायचा, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांना गाडीचा हिशेब ठेवायचा असायचा.

"पाह्य, चालली आपली गाडी," रिटायर गुरुजी म्हणायचे.

"कुठं?" माझे घरमालक विचारायचे. त्यांचा संत्र्यांचा व्यापार.

"भाजी बंदोबस्ताले."

गाडीत मागं ठाण्याच्या साहेबांच्या बाईसाहेब आणि मेथीच्या जुड्या असायच्या. संध्याकाळी तीच गाडी साहेबांच्या मुलाला ट्यूशनला सोडायची. शहरात शांतता नांदत होती ती उगाच नाही. मेथी आणि मुलगा दोघांनाही पुरेसं संरक्षण होतं.

"आपल्या टॅक्सच्या पैशाची गाडी हाय थे," गुरुजी म्हणायचे. घरमालक मान हलवायचे. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो आणि त्यांचं सगळं उत्पन्न शेतीचंच होतं, दुकान धरून. चहावाल्याला बिल हा शब्द फक्त विजेच्या संदर्भात माहीत होता. गुरुजींची पेन्शन तर टॅक्समधूनच यायची, म्हणून टॅक्सबद्दल त्यांना सगळ्यांत जास्त कळकळ.

मी एकदा म्हणालो, "गुरुजी, मी तर टॅक्स भरत नाही."

"काडीपेटी घेतं का नाही तू?"

"घेतो."

"मंग झालं. त्या गाडीत तुह्या पैशाची एक काडी हाय."

मला फार बरं वाटलं. गावापासून दीड दिवसाच्या अंतरावर आपली काहीतरी मालमत्ता आहे, असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं.

गाडी टपरीपाशी थांबली आणि साहेब उतरले, की मालक लोक उठून उभे राहायचे. "या साहेब, बसा साहेब, कडक बनव रे." साहेबांकडून चहावाला पैसे घ्यायचा नाही. गाडी निघून गेली की पुन्हा आपली व्हायची.

ती चालवायचे एक हवालदार. पन्नाशीच्या पुढचे, लोधीखेड्याकडचे, कमी बोलणारे. महिन्यातून एकदा माझं रजिस्टर बघायला यायचे. कुणाचं किती सोनं आलं, कुणाचं गेलं, ते बघून सही करायचे आणि पाणी पिऊन जायचे. आपल्याबद्दल टपरीवर काय बोलतात हे त्यांना माहीत होतं. "मी तं ड्रायवर हाओ भाऊ," एकदा म्हणाले. "साहेब म्हणन तिकडं स्टेरिंग."

मग तो मे महिना आला. मी सौसरच्या सराफांचा माल द्यायला गेलो होतो. परत येताना बस येईना. फाट्यावर सावलीही नव्हती. तीनच्या सुमारास डोळ्यांपुढं काळोख आला, उलटी झाली आणि मी पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसलो. तेवढ्यात ती गाडी थांबली. हवालदार सौसरला टपाल देऊन एकटेच परतत होते.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो. पोलिसांनी काहीही विचारलं की पहिलं उत्तर हेच येतं.

त्यांनी बाटलीतलं सगळं पाणी माझ्या टॉवेलवर ओतलं, तो माझ्या डोक्यावरून तोंडावर टाकला आणि मला मागच्या सीटवर आडवं केलं. "झोपा. बोलू नका." थेट दवाखान्यात. दोन सलाईन लागली. ते बाकावर बसून राहिले आणि टॉवेल पुन्हा भिजवून संध्याकाळी साडेसहाला मला घरी सोडायला आले. आमच्या बापानंतर माझ्यासाठी दवाखान्याच्या बाकावर कुणी बसलेलं नव्हतं.

साडेसहाला आमची गल्ली ओट्यावर असते. तिनं काय पाहिलं तेही सांगतो. गलाईवाला पोलिसांच्या गाडीतून उतरतोय. तोंडावर ओला टॉवेल. हवालदारानं दंड धरलाय. हवालदाराच्या दुसऱ्या हातात गलाईवाल्याची पिशवी. पेपरात आरोपीचा फोटो येतो त्याच्यात आणि यात फरक एवढाच होता, की आरोपीला घरी आणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एकाही सराफाचा माल आला नाही. दुपारी घरमालक आले आणि दार लावून घेतलं.

"भाऊ, खरं सांगा. किती तोळ्याची भानगड हाय?"

"भानगड नाही हो. ऊन लागलं होतं."

"कोनाले?"

"मला."

"मंग गाडी पोलिसाईची काहून?"

मी दवाखान्याचा कागद दाखवला. त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती. टपरीवर गुरुजींनी माझ्या हातावरची सुईची खूण चष्मा वर करून तपासली. मी चोर नाही हे हळूहळू सिद्ध झालं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

"म्हंजे," गुरुजी म्हणाले, "तू आमच्या गाडीत झोपून आला?"

"एसी होता काय बे?" चहावाल्यानं विचारलं.

"होता." इथं मी चुकलो.

"पाहून घ्या," गुरुजी घरमालकांना म्हणाले. "चाळीस वर्षं टॅक्स भरून राहिलो आपण. आपल्याले कोनी म्हटलं काय, बसा गुरुजी म्हणून? अन् हा काडीपेटीवाला झोपून फिरून राहिला."

मग त्यांनी मोबाइल काढला आणि मला विचारलं, "किती वाजता बसला होता रे? कुठून?" मला वाटलं आभाराचं काहीतरी लिहितायत. तीन-सव्वातीन, सौसरचा फाटा, मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी ते सरकारच्या तक्रारीच्या हेल्पलाइनवर टाकलं: शासकीय वाहनाचा टॅक्सीसारखा वापर. आमच्या मध्य प्रदेशात या हेल्पलाइनला मोठमोठे साहेब घाबरतात. तक्रार मिटेपर्यंत त्यांना जेवण जात नाही.

"गुरुजी, मग मेथीचंही टाका ना," मी म्हणालो.

"येडा झाला काय? साहेबाचं टाकतात काय कोनी?"

आठवड्याभरात हवालदारांची गाडी काढून घेतली आणि त्यांना ठाण्याच्या दारात खुर्ची दिली. त्या गाडीवर नवा पोरगा आला. बाईसाहेबांचा बाजार एक दिवसही चुकला नाही. ठाण्यातले सांगत होते, आरोप सिद्ध झाला तर पगारवाढ थांबेल आणि लांबच्या जंगलातल्या जिल्ह्यात बदली होईल. चार वर्षं नोकरी राहिलेली, आणि घरी अंथरुणावर आई. मला झोप लागेना. मी गेलो त्यांच्याकडे.

"माझ्यामुळं झालं सगळं."

"तुमच्यानं नाही भाऊ. उन्हानं." मग म्हणाले, "बयानाले बोलावतीन तुम्हाले सौसरले. खरं सांगजा. अन् थोडं सांगजा."

पहिली गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

चौकशी निष्पक्ष व्हावी म्हणून ती सौसरच्या साहेबांकडे दिली होती. साहेब नव्हतेच; एक बाबू टायपिंग करत होते. मी बसमध्ये घोकत आलो होतो, की हा माणूस देवमाणूस आहे हे यांना पटवायचं. ऊन, टॉवेल, सलाईन, सगळं सांगितलं. बाबूंनी टाइप केलं आणि सहज विचारलं, "पहली बार बैठाया था किसी को?"

आता आली का पंचाईत. "पहिल्यांदाच" म्हटलं तर वाटेल, याचं-माझं काही साटंलोटं आहे. आणि खोटंही होईल. मला चांगलं ठाऊक होतं, की रिकामी गाडी घेऊन येताना हा माणूस रस्त्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेत आलाय. ते स्वतः कधी बोलले नाहीत; बायाच ओट्यावर बसून सांगायच्या. मी म्हणालो, "नहीं साब, इनका तो स्वभाव ही ऐसा है." आणि सुरू झालो. घरमालकांची आई तिगावहून गाठोडं घेऊन पायी येत होती, तिला आणलं. गुरुजींच्या बायकोचा पाय मुरगळला होता, पावसात तिला घरापर्यंत सोडलं. चहावाल्याच्या दोन्ही पोरी नाल्याला पूर आला म्हणून शाळेत अडकल्या होत्या, त्यांना आणलं.

"और?" बाबू म्हणायचे. आयुष्यात इतक्या आवडीनं माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. मला आणखी दोन आठवले, तेही दिले. सही केली. मग म्हणालो, एकदा वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं. शेवटचं वाक्य होतं, की सदर हवालदार शासकीय वाहनात खाजगी व्यक्तींना आदतन बसवतात.

"आदतन मतलब?"

"मतलब आदत है. एक का मामला था, आपने छह कर दिए. बढ़िया."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीच्या गजावर डोकं टेकून बसलो. माणसाला उपकार फेडायचे असतील तर आधी आठवी तरी पास असावं.

पंधरा दिवसांनी टपरीवर कागद आले. मी ज्यांची ज्यांची नावं घेतली होती त्या सगळ्यांना सौसरला बोलावलं होतं. आपण शासकीय वाहनातून प्रवास केला आहे काय, याबद्दल बयान द्यावं.

"कोन बसलं होतं बे त्या गाडीत?" गुरुजी माझ्यावर ओरडले.

"काकू बसल्या होत्या ना. पाय मुरगळला होता तेव्हा."

"थे तं पायदळ आली होती."

"पावसात? मुरगळलेल्या पायानं?"

"हिंमतवाली हाय थे."

चहावाला म्हणाला, "माह्या पोरी पोलिसाच्या गाडीत बसल्या असं कागदावर आलं तं उद्या सोयरीक कोन करन भाऊ? थ्या नाल्यातून पोहत आल्या." मोठी नऊ वर्षांची, धाकटी सात.

घरमालकांची अडचण मोठी होती, कारण त्यांच्या आईला खोटं बोलता येत नव्हतं. "मी बसली होती नं," ती ओट्यावरून मोठ्यानं म्हणाली. "गाठोडंबी त्यानंच उचललं. लय गुणाचा हाय बिचारा."

"माय, तू बसली नव्हती. तुले भास झाला."

"भासात कोनी गाठोडं उचलते काय रे?"

घरमालकांनी लिहून दिलं, की आईला वयोमानानं आठवत नाही. तिनं दोन दिवस त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

एके सकाळी सगळे घरमालकांच्या मालवाहू गाडीत बसून सौसरला गेले. तिथं प्रत्येकानं एकच सांगितलं: आम्ही त्या गाडीत कधी बसलो नाही, ती कधी आमच्यासाठी थांबली नाही, हवालदारांनी आम्हाला कधीही कसलीही मदत केली नाही. गुरुजींनी स्वतःची तक्रारही मागं घेतली, गैरसमजातून केली म्हणून. बाबूंच्या सहा प्रकरणांतली पाच गळाली. उरलो मी एकटा, आणि माझ्याकडे दवाखान्याचा कागद होता. आजारी माणूस होता, पण पुढच्या वेळी अँब्युलन्स बोलवावी, अशी समज देऊन चौकशी बंद झाली. हवालदारांना गाडी परत मिळाली.

"पाह्य," गुरुजी मला म्हणाले, "वाचवलं का नाही आम्ही त्याले? तू तं पार बुडवलाच होता."

हे खरं होतं. मी सगळ्यांचे चहाचे पैसे दिले. कागदोपत्री आता असं आहे, की या हवालदारांनी तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत एका ऊन लागलेल्या गलाईवाल्याशिवाय कुणाचंही भलं केलेलं नाही. गाडी आपली ती आपलीच आहे. सकाळी बाजारात जाते, संध्याकाळी ट्यूशनला. बाईसाहेबांना मात्र अजून कुणी बयानाला बोलावलेलं नाही.

पुढच्या महिन्यात ते रजिस्टर बघायला आले. मी खुर्ची पुसली, पाणी दिलं. माफी कशी मागावी कळेना. त्यांनीच विषय काढला.

"परवा लोधीखेड्याच्या पुढं एक म्हातारी रस्त्यावर बसून होती. चक्कर आली होती तिले."

"बसवली का काय गाडीत?"

"नाही. अँब्युलन्सले फोन केला. पाऊण तास लागला याले."

"मग पाऊण तास काय केलं?"

"गाडी आडवी लावली. सावली पडली तिच्यावर." त्यांनी सही केली आणि रजिस्टर मिटलं. "सावलीत बसवाले परवानगी लागते का, थे मले मालूम नाही भाऊ."

मी उठून दार लोटून घेतलं. "हळू बोला," मी म्हणालो. समोर टपरीवर गुरुजी बसलेले होते.