दाराबाहेरची तलवार

आमच्या बंधुसभेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बँकेत असताना माझे अहवाल फार वाखाणले जात, असा गवगवा मीच करून ठेवला होता. अडचण एवढीच की सभेत आत काय चालायचं ते मला धड माहीत नाही. मी बाहेरचा पहारेकरी. सभा सुरू झाली की उघडी तलवार घेऊन बंद दाराबाहेर उभं राहायचं आणि परक्याला आत सोडायचं नाही.

ही सभा कोलकात्याजवळच्या बजबज गावातल्या ज्यूट मिलमधल्या गोऱ्या साहेबांनी काढली. साहेब गेले. त्यांच्या खुर्च्या, त्यांचे नियम आणि ही तलवार शहरातल्या बेहाला भागात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये येऊन पडली. निवृत्तीनंतर मी कोलकात्यातच राहिलो, तेव्हा इथेच जन्मलेल्या एका मराठी प्राध्यापकांनी मला तिथे नेलं. "सगळे एकमेकांना बंधू म्हणतात," ते म्हणाले. मी तेवढ्यावर विरघळलो.

"बंधू पंख्याखाली आणि तुम्ही जिन्यात?" बायको म्हणाली. "आपल्या दरवानाला निदान खुर्ची आहे हो."

मला स्टूल होतं. इतक्या वर्षांत मी अडवलं ते मीटर बघायला आलेल्या माणसाला आणि एका बाईंना. त्यांना नळाचा वॉशर हवा होता, दुकान समजून त्या वर आल्या. घाबरल्या वगैरे नाहीत. तलवारीचा भाव विचारून गेल्या.

पुढे म्हातारे बंधू एकेक करून गेले, नवे कोणी येईनात. सियालदहजवळच्या दुसऱ्या सभेत विलीन व्हायचं ठरलं. मला आनंदच झाला. त्यांचा पहारेकरी त्यांच्याकडे होताच. म्हणजे मला आता आत, खुर्चीवर, बंधूंच्या शेजारी बसायला मिळणार! काळा सूट ड्रायक्लीनिंगला देऊन मोकळा झालो.

शेवटच्या सभेला प्राध्यापक उशिरा आले. मेट्रो अडकली होती. धापा टाकत जिना चढले. आत मतदानाची पेटी फिरत होती. होकाराच्या पांढऱ्या, नकाराच्या काळ्या गोळ्या लाकडात पडल्याचा टकटक आवाज येत होता.

"सरका बाजूला," ते म्हणाले.

"सर, पेटी फिरतेय. आता दार उघडत नाही."

"अहो, आजच्या दिवस नियम राहू द्या!"

"तुम्हीच शिकवलात मला."

"मला आत जायलाच हवं. का ते इथे सांगता येत नाही."

मी तलवार आडवी धरली. खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा ती बरोबर आडवी धरली गेली. त्या पवित्र्यावर मी इतका खूश होतो की त्यांचा चेहरा पाहायचं राहूनच गेलं. ते माझ्या स्टुलावर बसले आणि आतला आवाज थांबल्यावरच उठले.

दार उघडलं. ते आत जाऊन लगेच परत आले.

"मतं सारखी पडली. अध्यक्षांनी आपलं मत विरोधात टाकलं."

"कशाच्या?"

"तुम्हाला बरोबर न्यायच्या. तिकडे पहारेकरी आहे, दुसरा कशाला, म्हणाले."

"मग मघाशी सांगायचं नाही का हो?"

"आतला विषय दाराबाहेर बोलायचा नसतो," ते खाली बघत म्हणाले.

तेवढ्यात अध्यक्ष आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्रदर, शेवटपर्यंत दार काय सांभाळलंत! तलवार तेवढी द्या, ती तिकडे न्यायची आहे. आणि आपला इतिहास तुम्हीच लिहा."

तलवारीला जागा होती.

प्राध्यापक सियालदहला जातात. तिथे कसं चाललंय विचारलं तर "चाललंय" म्हणतात, पुढे काही सांगत नाहीत. बरोबरच आहे, परक्याला सांगायचं नसतं. सूट कपाटात प्लास्टिकच्या पिशवीतच आहे.

इतिहास मात्र मी लिहून दिला. शेवटचं वाक्य असं आहे: अखेरची सभा कोणत्याही व्यत्ययाविना पार पडली.