मंजुळाच्या वाट्याचं ऊन

मंजुळा माझ्या थोरल्या बहिणीची, अंबूबाईची लेक. रंगानं काळी, उंच, ताठ. पिंपळगाव राजाला त्यांचा भाजीचा मळा. वांग्यांनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती बांधावरून निघाली, की पाटीला हातही लावायची नाही. नवरा इंद्रभान खामगावात गिरणीचं काम शिकला आणि चौसष्ट साली इंग्लंडात ब्रॅडफर्डला लोकरीच्या गिरणीत लागला. दुसऱ्या वर्षी त्यानं मंजुळाला नेलं. निघताना तिची सासू विमलबाई म्हणाली, "तिथं ऊनच नाही म्हणते. दोन वर्षात अशी उजळून येशीन, का मले तुले ओळखाची पंचाईत." सगळ्या हसल्या. मीही हसले.

अंबूबाईला अक्षरओळख नव्हती. पत्रं मीच वाचायची, उत्तरं मीच लिहायची. तिकडं मंजुळा दिवसभर खोलीतच. लुगडं नेसून बाहेर पडली की पोरं मागं लागायची, आणि आभाळ तर सदा राखेसारखं. तिसऱ्या हिवाळ्यात तिनं लिहिलं, "मांड्या ठणकतात. जिना चढवत नाही. मला चौथा महिना आहे. इथल्या डॉक्टरनं माशाच्या तेलाची बाटली दिली आहे. रोज घे म्हणतो. मायला विचारून कळव."

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मंजुळाच्या गळ्यात ती मीच घातली होती, नवव्या वर्षी.

पत्र ऐकून अंबूबाई लगेच म्हणाली, "घे म्हणा तिले. औषध हाय ते. देव काय वैरी हाय काय आपला?"

मी बरं म्हटलं. घरी आले, देवापुढं बसले आणि लिहिलं, "माय म्हणते, माळ बाटवू नको. दूध पी, नाम घे. पांडुरंग तारील." त्या दिवशी एकादशी होती. आज एक जीव धर्मावर ठेवला, असं मी वहीतही लिहिलं. ते पान अजून आहे.

बाळंतपणात मूल अडलं. कमरेची हाडं मऊ पडून आत दबली होती. पोट फाडेपर्यंत मुलगा गेला. पुढल्या वर्षी अंबूबाई काविळीनं गेली. सत्तरच्या उन्हाळ्यात मंजुळा एकटीच माहेरी परत आली. दोन्ही बाजूंना झुलत चालायची. ओसरीची एक पायरी चढायला तिनं माझा हात मागितला.

मी तिला बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "बाई, उन्हानं कातडीत एक जीवनसत्त्व तयार होतं, त्यानं हाडं घट्ट राहतात. आपला काळा रंग वाडवडिलांकडून रक्तात आलेला, इथल्या कडक उन्हाच्या मापाचा. गोऱ्यांचे पूर्वज हजारो वर्षं फिक्या उन्हात राहिले, त्यांची कातडी पांढरी झाली. त्यांना थोडकं ऊन पुरतं, हिला पुरत नाही. माणसं आधीही देशोदेशी गेली, पण पिढ्यान्‌पिढ्या सरकत गेली. ही दोन दिवसात विमानानं गेली."

"अन् माशाचं तेल?" मी विचारलं.

"तेच तर हिचं औषध, त्यात हेच जीवनसत्त्व असतं. वेळेवर घेतलं असतं तर पोर बहुतेक वाचलं असतं."

गोळ्या सुरू झाल्या, ऊनही होतंच. दुखणं कमी झालं, पण वाकलेलं हाड सरळ होत नाही. इंद्रभानची पत्रं आधी लांबली, मग थांबली.

माझा जप चुकायला लागला. एकशेआठ मणी कधी पुरेच होईनात. शेवटी एका सकाळी मी मळ्यात गेले. ती बसूनच वांग्यात निंदत होती. मी तिच्यासमोर मातीत बसले.

"मंजुळे, ते पत्र तुह्या मायचं नव्हतं. ती घे म्हणाली होती. मी माह्या मनानं लिहिलं."

तिचं खुरपं थांबलं. "माय घे म्हणाली होती?"

"हो."

ती म्हणाली, "मी आठ दिवस घेतलं होतं, मावशी. पाय हलके वाटून राह्यले होते. तुही चिठ्ठी आली अन् बाटली मोरीत ओतली." मग म्हणाली, "मायवर राग धरला म्या. ती मेली तवा रडूबी आलं नाही."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. मोटेचं पाणी सरी भरून बांधावरून वाहायला लागलं होतं.

"पुढच्या सरीत पाणी वळव," ती म्हणाली. "मले उठाले वेळ लागते."

मी उठले आणि पाणी वळवलं.