प्लेटलेट कमी झाले त्या वर्षी

आमच्या केशोरीकडे प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने आणला. कमी झाले की माणूस जातो, एवढंच सगळ्यांना माहीत. त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या रक्तात ते भरमसाट वाढलेत हे कळलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाढलेच ना? मंग बरंच हाय. कायले घाबरून राहिली?" आदल्या पावसाळ्यात त्यांची तरणी सून डेंग्यूने गेली होती.

ह्यांचे तळपाय खूप आधीपासून जळायचे. बोटं लालबुंद व्हायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधीच्या गार चिखलात उभं राहिलं की बरं वाटायचं. बाया रोवणी आटोपून घरी निघाल्या तरी हे बाहेर येत नसत. "पाय भाजून राहिले, उभा राहू दे जरासा," म्हणायचे. आम्ही अंगातली उष्णता समजत होतो. पुढे ताप आला म्हणून गोंदियाला रक्त तपासलं, तेव्हा प्लेटलेट वाढलेले निघाले. पुन्हा तपासलं, तरी तेच.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी हाडातला मगज तपासला, जीनची तपासणी करून घेतली. म्हणाल्या, "हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण हळू चालणारा. माणसं वर्षानुवर्षं जगतात. भीती आहे ती गुठळीची. हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत अडकली तर."

एक गोळी रक्त पातळ ठेवायला, एक प्लेटलेट कमी करायला. तंबाखूचा खर्रा बंद, बीपी सांभाळा. उठता उठता ह्यांनी विचारलं, "आकडा खाली आला का धोका गेला ना, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "आकडा खाली यायलाच हवा. पण नुसत्या आकड्यावरून धमनीचा धोका कळत नाही. वय, बीपी, तंबाखू, तपासणीत निघालेला जीनमधला बदल, सगळं मिळून ठरतं."

परतताना बसमध्ये आम्ही दोघं आकड्याचंच बोलत होतो.

खर्रा सुटायला फार त्रास झाला. ताटावरून उठून जायचे, माझ्यावर, गुरांवर, सगळ्यांवर चिडायचे. पण सोडला. दर महिन्याला रक्त तपासायला जायचे आणि आकडा उतरत गेला. नॉर्मल आला त्या दिवशी नवेगाव बांधच्या तलावावर जाऊन मासोळ्या घेऊन आले, अंगणात बसून स्वतः साफ केल्या. पायांची जळजळही गेली होती. आम्हाला वाटलं, सुटलो.

धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी चहा पिता पिता कप त्यांच्या हातातून सुटला. "लक्ष कुठं हाय तुमचं?" मी ओरडले. त्यांनी मान वर केली. तोंड एका बाजूला गेलं होतं. काही सांगायचा प्रयत्न करत होते आणि नुसता आवाज येत होता.

जीपमधून गोंदियाला नेलं. रस्ता संपता संपेना. दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट हातात आला, तो मी तिथल्या तरुण डॉक्टरपुढे धरला. "हे पाहा, प्लेटलेट तर बरोबर आहेत. मंग हे काऊन झालं?"

त्याने कागद पाहिला आणि हळूच म्हणाला, "दवाई से खतरा कम होता है, ताई. खत्म नहीं होता."

मला त्याचा राग आला नाही. कोणाचा यावा तेच कळत नव्हतं. गोळ्या चुकल्या नव्हत्या, खर्रा सुटला होता. करायचं ते सगळं केलं होतं.

हे वाचले. उजवा हात लोंबत राहिला. बांधी दिराने करायला घेतली आहे, मी अंगणवाडीतल्या कामावरून धावत घरी येते. बोलण्यातला एकच शब्द उरलाय, "चाल." भूक लागली तरी चाल, झोप आली तरी चाल, राग आला तरी चाल. मी एकेक विचारत जाते, जेवण का? पंखा का? बाहेर बसायचं का? कधी जमतं. परवा काही केल्या जमलं नाही. शेवटी त्यांनी डाव्या हाताने माझं तोंड बंद केलं आणि भिंतीकडे वळून पडून राहिले. त्यांना काय हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही.