शाफ्ट बारीक करताना

नगरच्या एमआयडीसीत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरची आणि उसाच्या ट्रॉल्यांची मोडतोडीची कामे येथे येतात, आणि आमची रीत एकच : जे मोडले, ते पुढच्या वेळी जाड करायचे. मुलीच्या रेसच्या गाडीचा मागचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, तुटला, तेव्हाही मला दुसरे काही सुचले नाही.

मुलगी सरळ रस्त्यावरच्या, काही सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीत गाडी पळवते. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. सुटताना चाके घसरत नाहीत, रस्ता घट्ट धरतात. त्यामुळे सगळा झटका शाफ्टला आणि गिअरांना सोसावा लागतो. शाफ्ट तुटला त्या दिवशी, तिने हट्टाने शाफ्टभोवती बसवून घेतलेल्या पोलादी कड्याने त्याला अडवून धरले. एरवी तो गाडीचा तळ फोडून तिच्यापर्यंत पोहोचला असता. त्या कड्याचे उपकार मी आजही मानतो.

मी शाफ्ट जाड केला. सरावात तो टिकला. मागच्या गिअरांचे दात मात्र उडाले. मग मी गिअरही जाड करायला घेतले.

"पप्पा, गिअर झाल्यावर काय मोडंल?" तिने विचारले.

"मोडेल ते करू जाड."

"त्यापेक्षा ट्रॅक्टरच द्या की मला. बक्षीस नाही तर नाही, नांगरट तरी उरकंल."

मी हसलो नाही. तेव्हा तीही गंभीर झाली. "शाफ्ट जरा पिळला पाहिजे, पप्पा. सुटताना पिळायचा, परत सरळ व्हायचा. तुमचा हलतच नाही. सगळा झटका गिअरवर ढकलतो."

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पोलाद किती पीळ सोसते, हे पाहण्यातच माझी उमर गेली. त्या संध्याकाळी स्वतःला नीट विचारले, तेव्हा उत्तर मिळाले. तिला 'शर्यत नको' म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते; ते 'नको' मी शाफ्टच्या जाडीत घालत होतो.

पुण्यात तयार शाफ्ट मिळत असताना तिने काम माझ्याकडेच ठेवले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. या वेळी आम्ही अधिक चिवट पोलाद आणले. टोके जाड ठेवली, मधला भाग बारीक केला. ती जाडी मोजायचे व्हर्निअर घेऊन लेथपाशी उभी होती.

"अजून."

"बास झालं आता."

"अजून थोडं, पप्पा."

मी काप घेत गेलो. मग शाफ्ट उष्णतेची प्रक्रिया करून आणला आणि बसवला. कडे जागेवरच राहू दिले.

शर्यत एका बंद धावपट्टीवर होती. ती सुटली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, एवढेच माझे शौर्य. पहिली फेरी झाल्यावर मी गाडीखाली शिरलो, मागच्या गिअरांचे तेल काढले, बोटांवर चोळून पाहिले. धातूचा कण नव्हता; दात शाबूत होते. शाफ्ट सरळ होता.

बाहेर आलो, तर ती हेल्मेट हातात धरून उभी. "दुसरी फेरी हाय. बसू का?"

तिने आजवर असे कधी विचारले नव्हते. विचारण्याची तिला गरजही नव्हती. मी हात पुसले.

"बस. पट्टा घट्ट लाव."