केम ते सोलापूर : चार टायर आणि आमचे हे

मुलाने पुण्यातून फोनवर निकाल देऊन टाकला. ‘आई, दिवाळीला आलो की जीप विकून टाकू. तुझ्या हातात आता तेवढा जोर राहिला नाही.’ पोटचा गोळा, पण बोलतो असा की जणू मला भंगारात घालून जीपला पेन्शन देणार आहे.

जीप जुनी, चारही चाकांनी ओढणारी. काळ्या मातीच्या रानात पाऊस पडला की बाकीच्या गाड्या म्हशीसारख्या बसतात म्हणून घेतलेली. ती चालवायला मी पन्नाशी उलटल्यावर माझी मीच शिकले. गुरू कुणी नाही. दोन बांध आणि पपईचं एक झाड तेवढं साक्षीला होतं, त्यातली पपई आता नाही.

पण वर्षभर स्टेअरिंग जड जात होतं. घराच्या बोळात वळवायची म्हणजे जात्यावर पायलीभर दळायचं काम. मुलगा सुट्टीला आला, एकटाच चक्कर मारून आला आणि म्हणाला, ‘लोण्यासारखी वळते गं.’ म्हणजे दोष माझ्या खांद्यांचा. मी गुपचूप महिनाभर तेल चोळलं. अंगाला वास तेवढा लागला, फरक काही नाही.

मग एक दिवस टायर नीट पाहिले. पुढचे दोन्ही कडेने गुळगुळीत, मधे बरे. मागचे कुठे झिजलेले, कुठे नवेकोरे. आमच्या ह्यांच्या डोक्यासारखी अवस्था. ह्यांचं म्हणणं, माझ्या बाजूला वजन जास्त पडतं म्हणून. मी त्यांना त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही. मनाशी मात्र ठरवलं: टायर बदलायचे. त्यानंतरही स्टेअरिंग जड लागलं, तर किल्ली मी स्वतःच मुलाच्या हातात देणार. भांडण नाही, रडणं नाही.

सकाळी उजाडता सोलापूरला निघालो. आमचं केम कुंकवाचं गाव, कुठे जायचं म्हटलं की पाहुण्यांसाठी कुंकवाच्या पुड्या बरोबर येतात, तशा ह्यांनी घेतल्याच. टायरवाल्याला कुंकू कशाला, विचारलं तर म्हणाले, ‘त्येला बायको नसंल व्हय?’ टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता अरुंद आहे. उसाचे दिवस असतील तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे असतात आणि त्यांना ओलांडायला आरशापेक्षा श्रद्धा जास्त लागते. टेंभुर्णीला महामार्ग लागला की सुख. मोडनिंबला चहा घ्या, वडा घेऊ नका. मोहोळ गेल्यावर टोल आहे, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरूनच बघून निघा. आम्ही तिथे पोचल्यावर बघितलं. मागच्या ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

दुकान शुक्रवार पेठेच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला. मालक रफिकभाई, पन्नाशीचे, तोंडात बडीशेप. त्यांनी टायरवरून हात फिरवला, मान हलवली आणि विचारलं, ‘मावशी, गाडी डांबरीवर फोर बाय फोरला टाकून चालवता का?’ मी सांगितलं की चारही चाकांना ओढायला लावणारी ती छोटी दांडी फक्त चिखलासाठी, मी तिला हातही लावत नाही. शिवाय ह्यांची पिशवी कायम तिलाच अडकवलेली असते. ‘मग ह्या टायरला झालं काय, अल्लाला माहीत,’ म्हणाले आणि कामाला लागले.

तुम्ही अशा गाडीचे टायर घ्यायला गेलात तर चारही एकदम आणि एकाच मापाचे घ्या. दोन नवे, दोन जुने असा संसार ह्या गाडीत चालत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यावरून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. शिळा टायर शिळ्या भाकरीसारखा कुस्करून खाता येत नाही. एक टायर सात हजारांच्या आसपास पडला. भाव ऐकून ह्यांनी पाणी मागितलं.

टायर गोदामातून यायचे होते, तोवर जेवून आलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. ह्यांच्या कवळीची आणि कडक भाकरीची अर्धा तास कुस्ती झाली आणि भाकरी जिंकली. शेवटी दह्यात भिजवून तिला चितपट केलं. शेंगाचटणी घरी न्यायलाही घेतली. सोलापूरला येऊन चटणी न नेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

परत आलो तेव्हा चारही टायर बसले होते. काळेकुळकुळीत, नव्या जावयासारखे मिरवत. ‘एक चक्कर मारून या, मग पैशाचं बघू,’ रफिकभाई म्हणाले. हे शेजारी बसले, पिशवी दांडीला अडकवली, आम्ही निघालो.

सरळ रस्त्यावर झकास. मग ह्यांनी ‘हितनं घे’ म्हणून पेठेतल्या बोळात घातलं. पुढे भाजीचा गाडा, बाजूला दुचाक्यांची रांग. डावीकडे वळवायला गेले आणि स्टेअरिंग तसंच. जड. जीप अडखळत, आचके देत वळायला लागली. मागून हॉर्न सुरू झाले. भाजीवाली म्हणाली, ‘आजी, कोथिंबीर घ्या नाहीतर गाडी घ्या.’

मला हसू आलं नाही. हात स्टेअरिंगवर ठेवून मी बसून राहिले. म्हणजे टायर नव्हतेच. खांदेच गेले. मुलगा बरोबर होता. डोळ्यांत पाणी आलं ते मी कांद्याच्या ढिगावर ढकलून दिलं.

ह्यांना म्हटलं, ‘उतरा. मागची माणसं थांबवा, मी मागे घेते.’ त्यांची पिशवी त्यांच्या हातात द्यावी म्हणून दांडीवरून काढली. पाहते तर दांडी मागे ओढलेली. चारही चाकं जुंपलेली.

‘ही कुणी ओढली?’

‘मी. वरीस झालं, निघताना रोज वढतो की.’

‘रोज?’

‘मग? चार बैलं असताना दोघांवरच वढ कशापायी? बाकीच्या दोघांनी नुसती पेंड खायची?’

‘आणि पोचल्यावर?’

‘पोचल्यावर सोडतो. जू न उतरवता बैल कुणी बांधतं का, येडे?’

एवढा शहाणपणा! त्यांना त्यात काडीचंही वावगं वाटत नव्हतं. उलट गाडीचा जीव मी कधी ओळखला नाही, हा भाव. पिशवी अडकवायची आणि त्याच हाताने दांडी ओढायची. माझी नजर रस्त्यावर, दांडी ओढल्यावर समोर लागायच्या दिव्याचा बल्ब कधीचाच गेलेला. मुलाच्या शेजारी हे कधी बसत नाहीत, तो पळवतो म्हणून. त्याला गाडी लोण्यासारखी लागणारच.

मी दांडी पुढे ढकलली, जीप थोडी मागे घेतली आणि वळवली. वळली. एका हाताने वळली. दुसऱ्या हाताचं काय करावं ते कळेना म्हणून मी तो भाजीवालीला दाखवला. तिनेही दाखवला.

रफिकभाईंना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग ह्यांना म्हणाले, ‘चाचा, डांबरीवर चारी बैल एकमेकांशी भांडतात. वळताना प्रत्येकाला वेगळं चालायचं असतं.’  भांडणाऱ्या बैलांचं ह्यांना पटलं. कुंकवाची पुडी त्यांनी रफिकभाईंना दिली आणि ती रफिकभाईंनी दोन्ही हातांनी घेतली. शेजारच्या चहावाल्याच्या घरी पोचवतो म्हणाले.

परतीला ह्यांचे हात मांडीवर, देवळात बसल्यासारखे. टेंभुर्णीपर्यंत दोनदा बोटं दांडीकडे गेली आणि परत आली.  नवे टायर असले की रस्त्याचा आवाजही वेगळा येतो, तोच मी ऐकत आले.

घरी पोचलो. बोळात जीप एका दमात वळवली, कुत्रंसुद्धा उठलं नाही. मुलाचा फोन आला तेव्हा मी चूल पेटवत होते. टायरच खराब होते एवढंच सांगायचं, असं वाटेतच ठरवून टाकलं होतं मी. म्हाताऱ्या बापाची मुलासमोर शोभा कशाला? पण फोन ह्यांनी उचलला.

‘जीप इकायची न्हाय,’ म्हणाले. ‘तुझी आय झ्याक चालवती. मीच मदी हात घालत हुतो.’

माझ्या हातातली काडी विझली. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून हे वाक्य ऐकायची वाट पाहत होते, स्वयंपाकघरापासून पेरणीपर्यंत प्रत्येक कामात. चार टायरच्या भावात पडलं. स्वस्तच म्हणायचं.