डबीतले दहा चिंचोके

सकाळचे आठ वाजले तरी रिबकाचं दार उघडलं नव्हतं, तेव्हाच मी हातातलं काम टाकून धावले. आमच्या दोघींची भिंत एक, ओटा एक. हाका मारल्या, कडी वाजवली... शेवटी धर्मा टांगेवाल्याने खांदा लावून दार उघडलं. ती खाटेवर शांत पडली होती. त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघीही विधवा. तिचा मुलगा सायमन इस्रायलला गेला आणि त्याच्यामागून पनवेलमधली त्यांच्या ज्यू समाजाची घरं एकेक करून बंद होऊ लागली. सायमनची पत्रं यायची, ‘आई, आता निघून ये.’ तिची मुंबईची भाची म्हणायची, माझ्या खोलीत राहा. पण भाची तिसऱ्या मजल्यावर, आणि रिबकाच्या गुडघ्यांना आमचा ओटासुद्धा जड. इस्रायलचं नाव काढलं की म्हणायची, “तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?” इथे तिची चूल होती, नवऱ्याची कबर होती, आणि मी होते.

इथे राहायची तिला भीती मात्र एकच होती. मेल्यावरची त्यांची प्रार्थना म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष लागतात. त्यांच्यात माणसं मोजू नयेत म्हणतात, म्हणून ती चिंचोके मोजायची. पत्र्याच्या डबीत गावातल्या त्यांच्या दर पुरुषामागे एक. कुणी इस्रायलच्या बोटीवर चढलं की एक चिंचोका चुलीत. “दहाचे नऊ झाले की मी निघाले बघ,” असं ती म्हणायची. मी मेली हसायचे! म्हणायचे, “आपण मेलं, जग बुडालं. मागे कोण मोजतंय?”

गेल्या दिवाळीनंतर नऊ झाले. त्या दिवशी ती डबी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. “माझं चुकलं गं. आधीच जायला हवं होतं. आता एवढा प्रवास झेपायचा नाही... पेणला आमची माणसं आहेत, मी गेले की दहाव्यासाठी तिथे निरोप धाडशील ना? शपथ घे.” मी शपथ घेतली. हसले नाही.

ती गेली त्या सकाळी मी एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पेणला निरोप दिला. दुपारपर्यंत अंगणात नऊजण खाली मान घालून उभे. मी दारात. मी परधर्माची, त्यात बाई. माझ्या असण्याचा काही उपयोग नव्हता. धर्माला राहवेना. “मी हाय ना! आमाला धरा दहावा.” त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, “तसं चालत नाही रे बाबा.” प्रत्येक गाडीच्या आवाजाला माझा जीव वर-खाली होत होता. पेणहून कुणी आलंच नाही तर? मी तिला तोंड कसं दाखवू, असंच मनात येत होतं, जणू ती आत जागी आहे... तीनच्या गाडीने पेणचा एक म्हातारा उतरला. मी त्याच्या पायाच पडले. तो बिचारा गोंधळला.

रिबकाच्या घराची आवराआवर करताना तिच्या भाचीने ती डबी मला दिली. माझा मुलगा नोकरीसाठी परदेशी जायचं म्हणतोय. जाऊ दे, मी इथे बरी आहे, असं मी त्याला सांगून बसलेय. आम्हाला काही दहा लागत नाहीत, चार खांदे पुरतात. काल दुपारी मी डबी उघडली आणि जमिनीवर चिंचोके मांडायला बसले. एक जावई. एक समोरचे मास्तर, त्यांची बदली झाली नाही तर. एक धर्मा, त्याला आमच्यात कुणी नाही म्हणणार नाही.

चौथा अजून माझ्या मुठीतच आहे.